चार रुपये सहा आणे, हाली

बार्शीहून परंड्याला येताना
करोडगिरीचा एक नाका लागायचा.
आता तिथं खताचं गोदाम आहे, सहकारी,
दाराच्या कडीला शेळ्या बांधतात.

त्या नाक्याची वही मुनीर वर्गात घेऊन आला,
नेमकं कलम एक्कावन्न चालू होतं.
धाराशिवचं रात्रीचं कॉलेज, ट्यूब फडफडणारी,
फळ्यावर माझ्या अक्षरात: राज्य प्रयत्नशील राहील.
जोगदंड म्हणाला, मॅडम, नुसतं प्रयत्नशील?
म्हटलं, हो.
देशादेशांतल्या कायद्याचा मान राखायला
प्रयत्नशील.
त्यासाठी कुणाला कोर्टात खेचता येत नाही.

वही मुनीरच्या पणजोबांची, बद्रुद्दीन मुहर्रिर.
लाल कापडाची पाठ, कसरीनं खाल्लेल्या कडा.
घरात ती लिपी फक्त आईला येते.
तिनं वाचलं, यानं मराठीत उतरवलं,
घाईघाईत, शिरोरेघा न देता.

आबान महिना, फसली तेराशे सत्तावन्न.
गुळाच्या ढेपा सात, वसूल.
शिवणयंत्राचं चाक एक,
सोबत बाई, नाव तुळसा, वसूल.
मग पूर्ण पानावर एकच ओळ:
आज कुणी थांबलं नाही.
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, वसूल.

हुकूमत गेली हे रेडिओनं सांगितलं.
नाक्यावर रेडिओ नव्हता, दोरी होती.
आणि पार पॅरिसमध्ये, लांब टेबलाभोवती,
आमचं नाव विषयपत्रिकेवर:
हे भांडण एका घरातलं की दोन घरांमधलं?
टेबलावरच्या कुणालाही परंडा ठाऊक नसावं.
त्याच दिवसांत गावोगाव काय काय झालं
ते वहीत नाही.
मुनीर म्हणाला, तिथं आईनं
दोन पानं एकदम उलटली.

हिशेब मात्र चोख.
हुकूमत गेल्यावर जमलेले
चार रुपये सहा आणे, हाली,
डब्यात ठेवले, मागणाऱ्याची वाट पाहिली.
मागायला कुणी आलं नाही.
पुढं हालीच बंद झाला.

वर्गाला विचारलं, ही रक्कम कुणाची?
जोगदंड: मागून आलेल्या राज्याची.
देणं घेतलं तर येणंही घ्यावं लागतं.
उज्ज्वला गायसमुद्रे पोलिसात आहे,
ड्यूटीवरून थेट येते, बूट न बदलता.
म्हणाली, वसुलीचा हक्कच संपला होता ना?
मग त्या तुळसाबाईची. पावती फाडून परत करा.
मागच्या बाकावरून लोमटे:
पण संविधान तर अजून लिहून व्हायचं होतं, मॅडम.
मग ते सव्वा वर्ष आपण कशाखाली होतो?

पुस्तकात याचं उत्तर आहे. ते दिलं.
सार्वभौमत्वात पोकळी नसते,
एक हात सुटतो त्याच क्षणी दुसरा धरतो.
सांगताना दिसत होता
त्या नसलेल्या पोकळीत मांडी घालून बसलेला मुहर्रिर,
दौतीत पाणी घालून शाई पुरवणारा.

नंतर संविधान आलं.
त्याचा पहिला शब्द: आम्ही.
त्या शब्दात हा माणूस कुठल्या तारखेला शिरला,
दोरी कुणी वर धरली त्याच्यासाठी,
की तोच वाकून खालून गेला,
अशी नोंद कुठल्याच दप्तरात नसणार.

डबा बघायचाय, उज्ज्वला म्हणाली.
आई देत नाही, मुनीर म्हणाला.
अमानत आहे म्हणते.
कुणाची, ते सांगत नाही.

परीक्षेला येईल का हे? लोमटे.
येणार नाही.

साडेनऊची गाडी धरायची म्हणून
मुनीरनं वही पिशवीत कोंबली, पळाला.
परंड्याची गाडी बार्शीवरून जाते.
जिल्ह्याबाहेर पडते, पुन्हा आत शिरते,
कंडक्टर तेवढ्यात डुलकी काढतो.
गोदामापाशी विनंती थांबा आहे,
पण हात केला नाही
तर थांबत नाही.